रेइगीचं चर्च, फुटलेली जहाजं आणि 'उंग्रूचा काउंट'

प्रश्न असा आला आहे: एस्टोनियातल्या हीउमा बेटावर रेइगी नावाच्या परगण्याचं जुनं चर्च आहे. तिथला जहागीरदार किनाऱ्यावर खोटे दिवे लावून जहाजं खडकावर आणायचा, माल लुटायचा, आणि पुढे पापक्षालन म्हणून त्याच पैशातून त्याने ते चर्च बांधलं, अशी गोष्ट प्रवासात ऐकली. यात खरं किती?

आधी थोडक्यात सांगतो. चर्च खरं, जहागीरदार खरा, जहाजं फुटत होती हेही खरं. त्याला सैबेरियात हद्दपार केलं हे तर कागदोपत्री आहे. खोट्या दिव्यांचा आरोप मात्र निव्वळ आरोपच राहिला. आणि पापक्षालनाचं म्हणाल तर सनावळी मांडली की ते जागच्या जागी कोसळतं. बाल्टिक किनाऱ्यावर आपल्याकडचे गट हिंडवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. हा प्रश्न प्रत्येक गटात कुणी ना कुणी विचारतंच, त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देतो.

हीउमा हे एस्टोनियाचं दुसऱ्या क्रमांकाचं बेट. हापसालूजवळच्या रोहुक्यूला धक्क्यावरून फेरी धरली की सव्वा-दीड तासात हेल्टरमाला उतरता येतं. बेटावर जुने परगणे चार: प्यूहालेपा, कॅइना, रेइगी आणि एमास्ते. परगणा म्हणजे चर्चच्या हद्दीतली गावं. जन्म, लग्न, मरण या सगळ्याची नोंद त्या चर्चच्या वहीत व्हायची. रेइगीचा परगणा 1627 मध्ये वेगळा झाला. तेव्हा बेट स्वीडनकडे होतं आणि चर्च लाकडी होतं. आज दिसतं ते दगडी, मनोऱ्याचं चर्च 1800 ते 1802 मधलं. ते बांधणारा ओट्टो राइनहोल्ड लुडविग फॉन उंगर्न-स्टर्नबर्ग, जन्म 1744.

हा गडी होता तरी कोण? बाल्टिकमधल्या जुन्या जर्मन सरंजामी घराण्यातला बॅरन. लाइपझिगला शिकलेला, पोलंडच्या दरबारात वावरलेला. 1781 मध्ये त्याने स्टेनबॉक घराण्याकडून बेटाच्या वायव्येकडची कोर्गेसारे ही जहागीर विकत घेतली, आणि 1796 मध्ये त्याच घराण्याची सूरेमोइसा ही मोठी जहागीर आणि तिथला वाडा. म्हणजे पंधरा वर्षांत बेटाचा भलामोठा तुकडा एका माणसाच्या हाती. जमीन, जंगल, कुळं, किनारा, सगळंच. शिवाय समुद्रात अडकलेल्या जहाजांवरचा माल सोडवून आणण्याचा धंदा. लोक त्याला 'उंग्रूचा काउंट' म्हणायचे. तो काउंट नव्हताच, बॅरन होता. लोकांनी परस्पर बढती देऊन टाकली.

आता जहाजांबद्दल. बेटाच्या वायव्येला, किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रात एक उथळ पट्टा आहे. जुन्या नकाशांवर त्याचं नाव नेकमान्सग्रुंड. ताल्लिन आणि पुढे सेंट पीटर्सबर्गकडे जाणारी जहाजं त्याला वळसा घालून फिनलंडच्या आखातात शिरतात. हॅन्झा, म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपीय व्यापारी शहरांच्या संघाच्या, काळापासून हा पट्टा गलबतं खात आलाय. म्हणूनच ताल्लिनच्या व्यापाऱ्यांनी मागे लागून कोपूच्या टेकडीवर मनोरा बांधून घेतला. तो 1531 मध्ये पुरा झाला आणि अजूनही चालू आहे. जगातल्या सर्वांत जुन्या चालू दीपगृहांत तो मोडतो.

कोपूचा मनोरा जवळून बघाच, कारण दिव्यांच्या गोष्टीचा निकाल तिथे लागतो. बाहेरून तो मनोरा वाटतच नाही. चारही दिशांना भक्कम टेकू दिलेला दगडांचा पांढरा ढीग वाटतो. मुळात तो आतून भरीव होता. जिना नव्हता, खोली नव्हती. वर जायचं तर बाहेरून लाकडी शिडी. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर त्यावर दिवादेखील नव्हता. दिवसा लांबून दिसावी अशी खूण, एवढंच काम. मग वर लोखंडी जाळी बसवून लाकडं पेटवायला लागले. आज आपण चढतो तो अरुंद जिना नंतर त्या दगडातच कोरून काढलाय. मनोरा 36 मीटर उंच, पण टेकडीच मुळात उंच असल्याने उजेड समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या वर. उघड्यावर रात्रभर लाकडं जाळायची म्हणजे किती जंगल लागत असेल याचा अंदाज करा. आणि पाऊस, धुकं, बर्फ आहेच.

आता तांडेलाच्या जागी उभे राहा. काळोखी रात्र आहे, दूर किनाऱ्यावर आग दिसते. तुम्ही तिच्याकडे जाल की लांब राहाल? लांबच राहाल. किनाऱ्यावरचा उजेड म्हणजे 'इकडे येऊ नका'. जहाज खडकावर आणायचं असेल तर उजेड दाखवण्यापेक्षा असलेला उजेड मंद होऊ देणं जास्त सोपं. त्यातून नेकमान्सग्रुंड किनाऱ्यापासून इतका आत की तिथे जहाज रुततं ते आपण नेमके कुठे आहोत याचा हिशेब चुकल्यामुळे, धुक्यामुळे, हिवाळ्याच्या तोंडाच्या वादळामुळे. बेटाच्या मालकाने दिव्याकडे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. कंदील घेऊन किनाऱ्यावर उभे राहिलेले चोरटे मात्र मला पटत नाहीत. हीच गोष्ट इंग्लंडातल्या कॉर्नवॉलपासून कितीतरी किनाऱ्यांवर, गावाचं नाव बदलून सांगतात. जिथे जहाजं फुटतात आणि जिथे गरीब लोक वाहून आलेल्या फळ्यांची घरं बांधतात, तिथे ती आपोआप उगवते.

माल सोडवण्याच्या धंद्याबद्दलही गैरसमज आहे. फुटलेल्या जहाजावरचा माल वाचवला तर वाचवणाऱ्याला त्यातला हिस्सा, हा रीतसर व्यवहार होता. त्याआधीच्या जमान्यात तर किनाऱ्याला लागलेला माल किनाऱ्याच्या धन्याचाच, असा रिवाज युरोपभर चालायचा. आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने इंग्रजांच्या वतीने तहाची जी कलमं मांडली, त्यांत एक होतं: वादळाने किनाऱ्याला लागलेली आमची जहाजं आणि माल आम्हाला परत मिळावा. शिवाजी महाराजांनी बाकी बहुतेक कलमं मानली, पण हे नाही. कोकणच्या रिवाजात ते बसत नाही, आणि तुम्हाला सवलत दिली की उद्या फ्रेंच आणि वलंदेजही मागतील, असं उत्तर मिळालं. तेव्हा हीउमाच्या बॅरनने फुटलेल्या जहाजांवर पैसा केला, एवढ्यावरून त्याला समुद्री चाचा ठरवता येत नाही. लोभी ठरवायला माझी हरकत नाही.

सनावळी इथून बघा. 1800 च्या सुमारास बॅरनच्या मुलाने, गुस्टाफ डीट्रिख ओट्टोने, आत्महत्या केली. त्याच्या स्मरणार्थ बापाने रेइगीचं चर्च बांधायला घेतलं. 1802 मध्ये ते पुरं झालं. त्याच वर्षी सूरेमोइसाच्या वाड्यातल्या कचेरीत माल्म नावाच्या जहाजाच्या कप्तानाशी त्याचं भांडण झालं आणि बॅरनच्या हातून तो मारला गेला. ताल्लिनला खटला चालला. 1804 मध्ये त्याला सैबेरियात तोबोल्स्कला धाडलं आणि 1811 मध्ये तो तिकडेच मेला. हद्दपारी झाली ती खुनापायी.

म्हणजे क्रम असा: मुलाचं मरण, चर्च, मग खून, मग शिक्षा. लोकांनी तो फिरवून घेतला: पाप, मग पापाचा पैसा, मग चर्च. असं का झालं असावं हे कळायला अवघड नाही. एकाच वर्षी एका हाताने देवाचं घर पुरं झालं आणि त्याच हाताने माणूस मारला गेला. ऐकणाऱ्याला यात कार्यकारणभाव हवाच असतो. आत्महत्येचं कारण घरातलं, बंद दाराआडचं. कुळांपर्यंत त्यातलं काय पोचणार? त्यांना दिसत होता तो मोठा मालक, मोठं चर्च आणि शेवटी बेड्या.

तरीही ही गोष्ट 'अफवा' म्हणून झटकून टाकू नका. माझं मत विचाराल तर लोकांचा संशय बरोबर होता, फक्त बोट चुकीच्या दिशेला होतं. अशा चर्चचा पैसा येई कुठून? बाल्टिक जहागिरींचं उत्पन्न म्हणजे धान्य आणि त्यापासून गाळलेली दारू, आणि दोन्हींमागे वेठ. एस्टोनियातली कुळं 1816 पर्यंत भूदास होती. आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतावर राबायचं, वर गाडीबैल घेऊन ओढकाम. दगड वाहणं, चुना भाजणं, लाकूड तोडणं हे त्यातच. लुटीचा पैसा शोधायचाच असेल तर समुद्रात बुडी मारायची गरज नव्हती; तो शेतातच पडला होता. पण रोज अंगावर घेतलेल्या वेठीची गोष्ट कुणी रात्री शेकोटीशी सांगत नाही. फुटलेल्या जहाजाची सांगतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चर्चचे कागद कुणाच्या भाषेत? आधी स्वीडिश आणि जर्मन, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी रशियन. भिंतींवरची कुलचिन्हं जर्मन घराण्यांची, पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, नेमणूक मालकाच्या संमतीने. एस्टोनियन शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज त्यात जवळपास नाहीच. त्याच्या गोष्टी मोठ्या प्रमाणावर लिहून घ्यायला 1888 उजाडावं लागलं. त्या वर्षी याकोब हुर्ट या पाळकाने वर्तमानपत्रातून आवाहन केलं की गावोगावच्या लोकांनी जुनी गाणी, कथा, समजुती लिहून पाठवाव्यात. सुमारे 1,400 जणांनी पाठवल्या. एक लाखाहून जास्त पानं जमली. गंमत बघा, चर्चविषयीच्या खट्याळ कथाही, सैतान आणि राक्षसांच्या, चर्चवर धोंडे फेकणाऱ्या दांडगटांच्या, शेवटी एका पाळकाच्याच कपाटात सुरक्षित राहिल्या. या सगळ्याचा अर्थ असा की 'उंग्रूच्या काउंटा'ची गोष्ट जेव्हा कागदावर उतरली तेव्हा तो मरून पाऊणशे वर्षं लोटली होती, कुळं मोकळी झाली होती, आणि जर्मन मालकांविषयीचा राग उघडपणे बोलण्याचे दिवस आले होते. गोष्टीतला बॅरन त्या रागाला साजेसा आहे.

घराण्यानेही आपली दंतकथा तयार केलीच. याच कुळातला रोमान फॉन उंगर्न-स्टर्नबर्ग हा 1921 मध्ये मंगोलियाची राजधानी काबीज करणारा आणि त्याच वर्षी गोळी घालून मारला गेलेला वेडा सेनानी. एका पोलिश प्रवाशाने त्याच्या तोंडी घातलेल्या हकिगतीत आजोबा हिंदी महासागरात इंग्रज व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल करणारे चाचे आहेत, भारतातून बौद्ध धर्म घेऊन आलेले आहेत, आणि रशियनांनी त्यांना सैबेरियातल्या बैकल सरोवरापलीकडे पाठवलंय. हीउमाचा उथळ पट्टा थेट हिंदी महासागर झाला, तोबोल्स्क सरकत सरकत बैकलपलीकडे गेलं. गरिबांनी त्याला चोर केलं, वंशजांनी दर्यावर्दी केलं. दोघांनाही चर्च बांधणारा दुःखी बाप नको होता.

बॅरनच्या गडबडीत रेइगीच्या दोन गोष्टी मागे पडतात. माझ्या लेखी त्या जास्त मोलाच्या आहेत.

पहिली स्वीडिश लोकांची. बेटाच्या या भागात शेकडो वर्षं स्वीडिश बोलणारे शेतकरी राहत होते. स्वीडनच्या राज्यात त्यांना मोकळ्या शेतकऱ्यांचे हक्क होते, ते रशियाच्या राज्यात मालकांनी मानेनात. भांडण वरपर्यंत गेलं. निकाल असा निघाला की कोर्गेसारेच्या जहागिरीतल्या या लोकांनी कॅथरीन राणीच्या नव्या दक्षिणेकडच्या मुलखात, द्नीपर नदीकाठी, जाऊन वसावं. 1781 च्या ऑगस्टमध्ये हजारच्या आसपास माणसं, बायकापोरांसह, गाड्या जोडून निघाली. मे 1782 मध्ये पोचली ती जेमतेम निम्मी, आणि पोचलेल्यांपैकीही पुष्कळ पहिल्या एक-दोन वर्षांत रोगराईत गेली. उरलेल्यांनी तिथे गाव वसवलं, भाषा आणि लुथरन पंथ दीडशे वर्षं टिकवला. 1929 मध्ये त्यांतले नऊशेच्या आसपास लोक स्वीडनला परतले, बरेचसे गोटलंड बेटावर स्थिरावले. ते गाव आज युक्रेनच्या खेरसोन प्रांतात आहे. आता तारखा जुळवा: हे लोक गेले ते 1781, आणि आपल्या बॅरनने कोर्गेसारे घेतलं तेही 1781. म्हणजे वीस वर्षांनी त्याने जे चर्च बांधलं, ते जुनी स्वीडिश वस्ती उठून गेलेल्या परगण्यात.

कॅर्दला या बेटावरच्या मुख्य गावाहून कोर्गेसारेकडे जाताना रस्त्याच्या कडेला रिस्तिमॅगी, क्रुसांची टेकडी, लागते. निघण्यापूर्वी स्वीडिश लोकांनी शेवटची प्रार्थना तिथे केली, असं सांगतात. टेकडीची दुसरी कथा अगदी वेगळी. दोन वऱ्हाडं समोरासमोर आली, वाट अरुंद, कुणी बाजूला होईना. मारामारी जुंपली. एका वऱ्हाडातला नवरा मेला, दुसऱ्यातली नवरी. मग उरलेल्या नवऱ्या-नवरीचं एकमेकांशी लग्न लावून दिलं आणि मेलेल्यांसाठी क्रूस रोवला. दोन्हींतली 'खरी' कोणती, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, पहिलीला निदान कागदांचा आधार आहे, दुसरी ऐकायला चांगली आहे. प्रथा मात्र दोन्हींहून जिवंत आहे: बेटावर पहिल्यांदा येणाऱ्याने इथे हाताने क्रूस करून रोवायचा, आणि तोही आसपास सापडेल त्याच वस्तूंचा. पडलेल्या काटक्या, पाइनची फळं, गवताची दोरी. दोन काटक्या आडव्या-उभ्या धरून गवताने आवळायच्या. ओलं गवत घ्यायचं, वाळकं तुटतं. हजारो क्रूस एकमेकांना टेकून उभे असतात, जुने कुजून मातीत जातात, नवे येतात.

दुसरी गोष्ट सतराव्या शतकातली, लाकडी चर्चच्या काळातली. रेइगीचा पाळक पॉल लेम्पेलियस. त्याची बायको कॅथरिना, आणि हाताखालचा पाळक योनास केम्पे. ती दोघं पळून गेली, पकडली गेली, ताल्लिनमध्ये दोघांनाही मृत्युदंड झाला. नवरा मागे उरला. विसाव्या शतकात एका फिनिश लेखिकेने यावर कादंबरी लिहिली, पुढे ऑपेराही झाला, त्यामुळे एस्टोनियात ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. इथे बॅरनच्या उलटं घडलंय. खटला, शिक्षा, नावं, सगळं कागदावर आहे, पण त्या बाईच्या मनात काय होतं याची एक ओळ नाही. ती पोकळी कथेने भरली. मला विचाराल तर रेइगीबद्दल वाचायला सुरुवात करायची झाली तर इथून करा, बॅरनपासून नको.

जाणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी रिस्तिमॅगी, मग रेइगीचं चर्च, मग कोपू. उलट केलंत तर दीपगृह बघून आल्यावर सगळ्यांच्या डोक्यात चाचेच राहतात आणि चर्चमध्ये कुणी शांतपणे बघत नाही. चर्च दर वेळी उघडं असेलच असं नाही, म्हणून आधी चौकशी करा. रविवारी प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसायला हरकत नसते, फोटो नंतर. बॅरनच्या कुलचिन्हाकडे बघताना मुलाचं नाव आठवा, गाइड बहुधा ते सांगत नाहीत. हाती वेळ असेल तर सूरेमोइसाचा वाडाही पाहा, माल्मचा खून झाला ती कचेरी तिथलीच. आणि वंशावळीचा किंवा इतिहासाचा नाद असलेल्यांसाठी: एस्टोनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने परगण्यांच्या जुन्या नोंदवह्या 'सागा' या संकेतस्थळावर चित्ररूपात ठेवल्या आहेत. जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायला आठवडाभर डोळे फोडावे लागतात. सुरुवात लग्नांच्या नोंदींपासून करा. तिथे ठरलेली वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, अक्षर लवकर ओळखीचं होतं.